व्हॅनच्या भिंती झाकायची घाई नको

प्रश्न: आम्ही दोघांनी उंच छताची जुनी मालवाहू व्हॅन घेतली आहे. आतली मोकळी जागा साडेतीन मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद आणि १.९० मीटर उंच आहे. तिचं छोटं घर करून वर्षातले काही महिने त्यात राहायचं, दोघांनी लॅपटॉपवर काम करत फिरायचं, असं ठरवलंय. याआधी आम्ही भिंतीत खिळाही ठोकलेला नाही. १०० वॅटचे तीन सोलर पॅनल आणून ठेवले आहेत. भिंतींत फवारायचा फोम, त्यावर १८ मिलिमीटर प्लायवूडचं फर्निचर आणि कोपऱ्यात शॉवर असा बेत आहे. आमच्यातल्या एकाची उंची १.८२ मीटर आहे. सुरुवात पलंगापासून करावी की किचनपासून, यावर आमचं एकमत होत नाही.
– दोन नवशिके

उत्तर: एकमत होत नाही ते बरंच आहे, कारण सुरुवात दोन्हींपासून करायची नाही. पलंग चुकला तर एका रविवारी उखडून पुन्हा ठोकता येतो. पण पत्र्यातला गंज, छतावरच्या भोकाची कड, फळीमागची वायर, फोममागे झिरपलेलं पाणी यांच्यापर्यंत नंतर पोचायचं तर अख्खं घर मोडावं लागतं. तेव्हा वेळ, पैसा आणि चिकाटी यांचा मोठा वाटा, जे पुढे दिसणार नाही त्यावर खर्च करा.

काही उघडण्याआधी आपल्या भागात मालवाहू गाडीची नोंदणी बदलून राहण्याची गाडी करायचे नियम काय आहेत ते विचारून घ्या. काही ठिकाणी पक्का पलंग, शेगडी, खिडकी असल्याशिवाय नोंद बदलत नाही, आणि नोंद बदलली नाही तर विम्याचा प्रश्न येतो. मागच्या भागात प्रवासी सीट बसवायची असेल तर ते काम स्वतः करू नका. सीटबेल्टचे आधार हा घरगुती बोल्टांचा विषय नाही.

मग गाडी रिकामी असतानाच वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, नंतर फक्त पुढची चाकं आणि फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून वेगवेगळं. गाडीच्या पाटीवर एकूण कमाल वजन आणि प्रत्येक ॲक्सलचं कमाल वजन लिहिलेलं असतं. समजा कमाल ३५०० किलो आहे आणि रिकामी गाडी २१०० भरली, तर हातात १४०० राहिले. त्यात तुम्ही दोघे, पाणी, गॅस, कपडे, पुस्तकं, सायकली, सगळं आलं. हा आकडा ऐसपैस वाटतो, पण २.४४ × १.२२ मीटरचा १८ मिलिमीटर बर्च प्लायवूडचा एकच ताव ३६ किलोच्या आसपास जातो. असे दहा ताव म्हणजे ३६० किलो. तोच ताव १२ मिलिमीटर पॉपलर प्लायचा घेतला तर १६ किलो. गाडीतल्या कपाटाला १८ मिलिमीटरची गरजच नसते. १२ मिलिमीटरच्या बाजू, ९ मिलिमीटरची दारं आणि कोपऱ्यांत घन लाकडाच्या पट्ट्या एवढ्यावर ते उत्तम टिकतं. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर जाऊ शकतो, म्हणून बॅटरी आणि पाणी खाली, मागच्या चाकांच्या थोडं पुढे ठेवा. एका बाजूला किचन आणि पाणी येत असेल तर बॅटरी दुसऱ्या बाजूला.

आता जागेचा हिशेब. पावणेदोन मीटर रुंदीतून दोन्ही बाजूंचं इन्सुलेशन आणि फळी वजा केली की १.६५ उरतात, म्हणजे १.८२ चा माणूस आडवा झोपू शकत नाही. पलंग गाडीच्या लांबीतच घ्यावा लागेल: १.९० × १.३०. उंचीचं गणित याहून नाजूक आहे. जमिनीवर २५ मिलिमीटर फोम आणि १८ मिलिमीटर प्लाय, छताला २० मिलिमीटरच्या पट्ट्या आणि वर फळी, असं केलंत तर सात सेंटिमीटर जातात आणि डोक्यावर जेमतेम एक सेंटिमीटर राहतो. त्यापेक्षा जमिनीला १० मिलिमीटर कडक एक्सपीएस (एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन) फोम, ९ मिलिमीटर प्लाय आणि वर व्हिनाइल घाला. छताला फोम आडव्या पत्र्याच्या बरगड्यांच्या मधल्या खोलीत बसवा आणि ४ मिलिमीटरची फळी बरगड्यांवरच, मध्ये पातळ फोमची पट्टी देऊन लावा. मग तीनच सेंटिमीटर जातात. १.९० हे माप पत्र्यापासून घेतलं की बरगडीपासून, तेवढं पुन्हा तपासा. नवखी माणसं इथेच हमखास फसतात.

हा नकाशा कागदावर न काढता मास्किंग टेपने गाडीच्या जमिनीवर काढा, गादी, एक शेगडी आणि पाण्याचा कॅन टाकून दोन रात्री आत झोपा. एक जण लॅपटॉपवर बोलत असताना दुसऱ्याला चहा करता येतो का, हे तेव्हाच कळतं. आणि शॉवरचा निकालही बहुतेक तिथेच लागेल. पलंग आणि ओटा वजा करून तुमच्याकडे साधारण तीन चौरस मीटर उरतात. ७० × ७० चा शॉवर त्यातला सहावा भाग कायमचा खातो, बरोबर ओल आणतो आणि गळला तर नेमका झाकलेल्या जमिनीखाली गळतो. पहिल्या गाडीत तो करू नका. मागच्या दारातून बाहेर सोडता येईल अशी नळी आणि पडदा पुरतो.

आता खरं काम. कंपनीने बसवलेली मालाची फळी आणि आतली प्लास्टिकची आवरणं सगळी काढा, गाडी आतून धुवा, वाळवा. चाकांवरचे उंचवटे, दारांच्या खालच्या कडा, पावसाच्या पन्हाळी आणि काचेखालचा जोड टॉर्च लावून बघा. गंज तारेच्या ब्रशने चकचकीत पत्र्यापर्यंत घासा, उरलेला गंज निष्क्रिय करणारं रस्ट कन्व्हर्टर, मग प्रायमर, मग रंग, आणि पत्र्याच्या जोडांवर सीम सीलर, म्हणजे फटी बुजवणारी लुकण. दारांच्या आणि बाजूच्या पोकळ्यांच्या तळाशी लहान भोकं असतात, ती पाणी निघून जाण्यासाठी आहेत. व्यवस्थितपणाच्या नादात ती बुजवली की दार आतून कुजतं. शेवटी एकाने बाहेरून पाइपने पाणी मारायचं, एका भागावर किमान दहा मिनिटं, आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं.

छतावरच्या पंख्याचं भोक सगळ्यांना धडकी भरवतं, तर ते नीट सांगतो. नेहमीच्या पंख्याला साधारण ३५.५ सेंटिमीटर चौरस लागतो; नेमकं माप पंख्याच्या पत्रकातून घ्या. जागा दोन बरगड्यांच्या मध्ये निवडा, बरगडी कापायची नाही. आतून चौरसाच्या चारही कोपऱ्यांत ३ मिलिमीटरचं बारीक भोक वर काढा, मग छतावर चढून ती भोकं रेषेने जोडा आणि माप पुन्हा घ्या. रेषेच्या बाहेरच्या सगळ्या रंगावर टेप चिकटवा, नाहीतर जिगसॉची तळपट्टी रंग ओरबाडते. कोपऱ्यांच्या आतल्या अंगाला १० मिलिमीटरची भोकं पाडून जिगसॉला धातूचं बारीक दात्यांचं पातं लावा आणि सावकाश कापा. कापत आलात की तुकडा थरथरतो आणि पातं मोडतं, म्हणून आतून दुसऱ्याने त्याला आधार द्यायचा आणि कापलेल्या बाजूवर टेप मारत जायचं. लोखंडाचा बारीक कीस छतावर राहू देऊ नका. एका ओल्या रात्रीत त्याचे गंजाचे ठिपके पडतात. खाली प्लास्टिक पसरा, चुंबक फिरवा, मग व्हॅक्यूम. कड कानशीने साफ करून प्रायमरचे दोन हात आणि रंगाचा एक द्या, पूर्ण वाळू द्या. पंख्याच्या कॉलरखाली ब्युटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) आणि स्क्रूंच्या डोक्यांवर पॉलियुरेथेन किंवा लॅप सीलंट वापरा. सिलिकॉन नको: त्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंजवतं. पन्हाळीदार छत असेल तर खोलगट भाग ब्युटिलचे जादा थर देऊन आधी सपाट करून घ्या, कारण पाणी तिथूनच आत येतं.

फवारायच्या फोमचा विचार सोडून द्या. तो वायरी गिळतो, पत्र्यामागे पाणी अडवतो, जास्त फुगला तर बाहेरचा पत्रा फुगीर करतो, आणि कुठे गंज धरला तर खरवडून काढण्याशिवाय इलाज नसतो. गाडीतल्या इन्सुलेशनचं मोठं काम पत्र्यापर्यंत दमट हवा पोचू न देणं हेच आहे. दोन माणसं रात्रभरात श्वास आणि घामातून लिटरभराच्या आसपास पाणी हवेत सोडतात. आत २० अंश आणि ६० टक्के दमटपणा असेल तर १२ अंश किंवा त्याहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं, आणि थंडीच्या रात्री बाहेरचा पत्रा त्याच्या कितीतरी खाली असतो. म्हणून बंद पेशींचा, म्हणजे दमट हवा आत न घेणारा रबरी फोम, १९ ते २५ मिलिमीटरचा, स्वतःला चिकट पाठ असलेला घ्या. पत्रा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, पत्रा निदान १० अंशांवर असताना चिकटवा आणि रोलर जोराने फिरवा. फोम आणि पत्रा यांच्यात हवेची पोकळी राहिली तर सगळी मेहनत तिथे पाण्यात जाते. बरगड्यांच्या उघड्या तोंडांवर पातळ, ६ ते १० मिलिमीटरचा थर द्या, कारण थंडी तिथून सरळ फळीपर्यंत येते. मात्र बंद पोकळ्यांत काही कोंबू नका, त्यांना वाळायला वाव हवा. प्लास्टिकचा अखंड पडदा लावण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. आमच्या मते गाडीत तो टिकत नाही, फळी बसवताना त्याला शंभर ठिकाणी स्क्रू जातात. त्यापेक्षा थंडीतही पंखा सर्वांत कमी वेगावर चालू आणि खाली कुठेतरी बोटभर फट उघडी ठेवा. गादीखाली सलग फळी नको, पट्ट्यांचा पलंग करा, नाहीतर महिन्याभरात गादीची खालची बाजू बुरशीने काळी पडते.

आवाज कमी करणाऱ्या जड चिकट पट्ट्या पत्र्याच्या पाव भागावर लावल्या तरी पुरतात. पूर्ण मढवणं म्हणजे नुसतं वजन.

विजेत तुम्ही उलट्या टोकाने सुरुवात केलीत. पॅनल आधी आले, दिवसाला वीज किती लागणार ते माहीतच नाही. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज ४५ वॅटचा आणि ४० टक्के वेळ चालणारा धरला तर दिवसाला ४३० वॅट-तास. दोन लॅपटॉप सरासरी ४५ वॅटने सहा तास: ५४०. पंखा २० वॅटने दहा तास: २००. दिवे ७०, फोन, राउटर आणि पंप मिळून १००. बेरीज साधारण १३५०. सपाट बसवलेले ३०० वॅटचे पॅनल स्वच्छ उन्हाच्या दिवशी ९०० ते १२०० देतात, ढगाळ हिवाळ्यात २०० सुद्धा देत नाहीत. म्हणजे सगळा भार उन्हावर टाकता येणार नाही. १०० अँपिअर-तासांच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे सुमारे २५६० वॅट-तास, दीड-पावणेदोन दिवसांची बेगमी, आणि इंजिनवरून भरण्यासाठी ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर. दोन तास गाडी चालवली की त्यातून ८०० मिळतात. अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या वीज जनित्राला, लिथियम बॅटरी थेट जोडू नका. ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि इंजिन संथ चालू असताना अल्टरनेटर तापून जळतो. शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नसते, म्हणून ती राहत्या भागातच ठेवा आणि थंडीत चार्जिंग आपोआप थांबवणारी घ्या. लॅपटॉपसाठी १२ व्होल्टवरचा यूएसबी-सी चार्जर वापरा. बॅटरीच्या विजेची घरगुती वीज करणारा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी १० वॅट खातो, म्हणजे दिवसाला २४० वॅट-तास वाया.

वायरीच्या जाडीत काटकसर करू नका. गणित सोपं आहे: जाणाऱ्या आणि येणाऱ्या वायरीची मिळून लांबी मीटरमध्ये, गुणिले अँपिअर, गुणिले ०.०१७५ (तांब्याचा विशिष्ट रोध), आणि त्याला भागा ०.३६ ने. तो ०.३६ व्होल्ट म्हणजे १२ व्होल्टची तीन टक्के घट. फ्रिज बॅटरीपासून पाच मीटर अंतरावर आणि ६ अँपिअरचा असेल तर उत्तर २.९ चौरस मिलिमीटर येतं. पुढची मिळणारी जाडी ४, ती घ्या. १.५ ची वायर टाकली तर पाऊण व्होल्ट वाटेतच जातो आणि बॅटरी भरलेली असूनही फ्रिज ती उतरली असं समजून बंद पडतो. मग महिनाभर फ्रिजला दोष दिला जातो. वायर बारीक तारांची, लवचिक तांब्याची हवी. घराच्या भिंतीतली एकेरी जाड तार हादऱ्यांनी तुटते. जोड रॅचेट क्रिंपर या पकडीने लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून करा. सोल्डरचा डाग देऊन केलेला जोड जिथे कडक भाग संपतो तिथेच मोडतो. प्रत्येक वायरीला तिच्या जाडीप्रमाणे फ्यूज, कारण फ्यूज वायरीसाठी असतो, उपकरणासाठी नाही. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर ओतते, तेव्हा तिथे तो प्रवाह तोडू शकणारा क्लास टी किंवा टर्मिनलवर बसणारा फ्यूजच लावा. वायर पत्र्यातून जाईल तिथे ग्रॉमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं रबरी कडं, बाकी सगळीकडे नळी, आणि प्रत्येक नळीत एक रिकामी दोरी ओढून ठेवा. पुढे नवी वायर घालायला तीच कामी येते.

फळ्या लावण्याआधी सगळी उपकरणं जमिनीवर मांडून जोडा आणि आठवडाभर चालवा. मग भिंतींचे आणि छताचे फोटो काढा, चौकटीत मोजपट्टी दिसली पाहिजे. पुढे स्क्रू मारताना वायर कुठे आहे ते या फोटोंवरूनच कळेल.

जमिनीत स्क्रू मारायचे नाहीत. खाली डिझेलची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरी असतात. फोम पॉलियुरेथेन गोंदाने चिकटवा, त्यावर प्लाय तसाच चिकटवा, वजन ठेवून दिवसभर सोडा. फर्निचरला आधार हवा तो माल बांधण्याच्या कड्यांच्या मूळ बोल्टांतून आणि भिंतीच्या बरगड्यांत आधीच असलेल्या भोकांत एम६ चे रिव्हेट नट (पत्र्यात दाबून बसणारे, ६ मिलिमीटर बोल्टचे नट) बसवून घ्या. गाडीच्या उभ्या खांबांत भोकं पाडू नका, तिथे एअरबॅग असू शकते.

सुतारकामात पाणसळ आणि ओळंबा बाजूला ठेवा, गाडी कधीच समतल उभी नसते. जमीन हीच रेषा धरून गुण्याने (काटकोनी पट्टीने) मोजा. भिंती दोन दिशांना वळलेल्या असतात, म्हणून प्रत्येक बाजूचा साचा आधी पुठ्ठ्याचा कापा, बसला की लाकडावर उतरवा. ड्रॉवरला दाबून बंद होणारी कडी हवीच. चुंबकावर विसंबलात तर पहिल्या वळणावर भांडी जमिनीवर. धडकेत वस्तूवर तिच्या वजनाच्या वीसपट जोर येऊ शकतो, त्यामुळे बॅटरी पट्ट्याने आणि बोल्टने बांधलेली असावी, गोंदाने चिकटवलेली नव्हे.

पाण्यासाठी पहिल्या खेपेला पक्की टाकी करू नका. माणशी दिवसाला दहा लिटर धरा. ओट्याखाली २० लिटरचे दोन कॅन, तिसरा सांडपाण्याला, आणि पायपंप. कॅन बाहेर काढून धुता येतात आणि नळी गळली तर लगेच दिसते.

स्वयंपाकाला तुमच्या बॅटरीवर इंडक्शन झेपणार नाही. १८०० वॅटवर वीस मिनिटं म्हणजे ६०० वॅट-तास, आणि वर मोठा इन्व्हर्टर. गॅस घ्या, पण सिलेंडरचं कपाट राहत्या भागापासून हवाबंद आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवं, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. ज्योत विझली की गॅस बंद करणारी शेगडी, गॅसचा अलार्म जमिनीलगत, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपताना डोकं असतं त्या उंचीला. नळीची जोडणी परवानाधारक माणसाकडून तपासून घ्या. शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही: एक तर जीवावर बेतू शकतं, आणि एक किलो गॅस जळला की सुमारे १.६ किलो पाणी हवेत येतं. आग विझवायचं नळकांडं दारापाशी ठेवा, पलंगाखाली नाही.

वरची कपाटं सर्वांत शेवटी. ती नसताना हजारेक किलोमीटर फिरून या. परतल्यावर प्रत्येक बोल्ट, लग आणि बिजागरी पुन्हा आवळा, पाण्याचे कॅन आणि डिझेलची टाकी भरून गाडी वजनकाट्यावर चढवा, आणि काटा जेवढं वजन शिल्लक दाखवेल तेवढीच कपाटं करा.